अस्सल बरहुकूम नक्कल

तलाठ्याच्या दप्तरातून सातबाऱ्याचा उतारा काढून आणला की त्याच्या तळाशी ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारलेला असे. त्या शेऱ्याला वजन होते. न्यायालयात तो कागद चाले; भावकीच्या भांडणात तर तोच अखेरचा शब्द ठरे. हाच ‘नक्कल’ शब्द कलेच्या प्रांतात शिरला की मात्र त्याची शिवी होते. नक्कल करायलाही अक्कल लागते, असे आपण म्हणतो. पण म्हणतो ते उपहासाने. त्या म्हणीतील उपहास बाजूला सारून तिचा सरळ अर्थ तेवढा शिल्लक ठेवावा, एवढाच या लेखाचा खटाटोप आहे. तैलरंगात निसर्गचित्रण शिकू पाहणाऱ्याने एखाद्या जुन्या, कसाला उतरलेल्या चित्राची प्रत सावकाश आणि उघडपणे करावी, असे माझे म्हणणे आहे. आपल्या कलाशिक्षणाने ही वाट मौलिकतेच्या नावाखाली बुजवून टाकली. तिच्यातून मौलिक चित्रकार किती निपजले हे मी मोजत बसत नाही. निनावी नकला मात्र उदंड निपजल्या.

हे मी त्रयस्थपणे म्हणू शकत नाही, कारण त्या पापात माझाही वाटा आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कलामहाविद्यालयात परीक्षक म्हणून बसलो असताना एका विद्यार्थ्याने आपल्या कामांत सतराव्या शतकातील एका डच निसर्गचित्राची तैलरंगातील प्रत मांडली होती. खाली स्वच्छ अक्षरांत मूळ चित्रकाराचे नाव आणि ‘यावरून’ एवढाच शब्द. प्रत निर्दोष नव्हती. ढगांची खालची बाजू जड झाली होती, पाण्यातले प्रतिबिंब चुकले होते. पण दूरची सपाट जमीन क्षितिजाकडे कशी सरकत जाते हे त्या मुलाला कळू लागले होते. मंडळातील ज्येष्ठांनी ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवले. ‘कॉपी आहे,’ एवढाच निवाडा. शेजारी इतरांची आठनऊ निसर्गचित्रे होती. पावसातला घाट, बंदरातल्या होड्या, पडका वाडा अशी नेहमीची यादी. त्यांतील बहुतेक छायाचित्रांवरून केलेली होती, आणि आकाशात रंगसुरीचे जे फटकारे होते ते त्यांच्या शिक्षकांच्या चित्रांत आम्ही सर्वांनीच पाहिलेले होते. ती सगळी ‘स्वतंत्र निर्मिती’ म्हणून उत्तीर्ण झाली. मी काही बोललो नाही. पुढे तो मुलगा भेटला नाही, आणि त्याला सांगायचे ते असे परक्यांना सांगावे लागत आहे.

प्रत करण्याच्या विरोधात जे बोलतात त्यांचा सर्वांत मोठा साक्षीदार इंग्लंडचा निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल (1776–1837) हा असतो. आमच्या वर्गांत त्याचे एक पत्र नेहमी पुढे केले जाई. 1802 च्या मे महिन्यात त्याने आपल्या गावच्या जॉन डन्थॉर्न या काचकाम करणाऱ्या हौशी चित्रकार मित्राला लिहिले की, गेली दोन वर्षे आपण चित्रांच्या मागे धावलो आणि सत्य उसनवारीने शोधत राहिलो. आता गावी परतून निसर्गासमोरच बसायचे. झाले! पंचविशीतल्या कॉन्स्टेबलने जुन्या चित्रांना रामराम ठोकला आणि निसर्गाने त्याला चित्रकार केले, असा या पत्राचा अर्थ लावण्यात येतो.

पत्राची सुरुवात मात्र कोणी वाचून दाखवत नाही. कॉन्स्टेबल त्या दिवशी सकाळी सर जॉर्ज बोमंट या धनिक रसिकाचा चित्रसंग्रह पाहून परतला होता, आणि चांगला चित्रकार होण्याला सोपी वाट नाही ही खात्री तिथूनच घेऊन आला होता. बोमंटशी त्याची ओळख 1795 पासूनची. बोमंटची आई त्याच्या गावाजवळच्या डेडमला राहत असे. बोमंटजवळ क्लोद लोरेंचे एक लहानसे चित्र होते, देवदूत आणि हागार असलेला निसर्ग, 1646 चे. उंची सुमारे 52 सेंटिमीटर, रुंदी 42. हे चित्र तो प्रवासात घोडागाडीतूनही बरोबर नेत असे. कॉन्स्टेबलने उमेदवारीच्या काळात त्याची प्रत केली होती. आता तारखा पाहाव्यात. पत्र मे 1802 चे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, निसर्गासमोर बसण्याची प्रतिज्ञा करून गावी गेलेल्या या तरुणाने डेडमच्या खोऱ्याचे चित्र रंगवले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. निसर्गचित्राला सहसा न घेतला जाणारा उभा आकार, कडेला उंच झाडांची चौकट, मधून वळत जाणारे नदीचे पात्र आणि नजरेला शेवटी थांबवणारा दूरचा उजेड, ही सर्व मांडणी क्लोदच्या हागारची आहे. स्टूर नदी कॉन्स्टेबलची, डेडमच्या चर्चचा मनोरा त्याचा, हवा त्याची. पण ती कुठे उभे राहून पाहायची हे त्याला कुणी शिकवले? लहानपणापासून ते खोरे त्याच्या डोळ्यांसमोर होतेच. चित्र म्हणून ते त्याला दिसले ते हागारची प्रत हातावेगळी केल्यानंतर.

यावर कोणी म्हणेल, ही नवशिक्याची अवस्था झाली. प्रौढ कॉन्स्टेबल यातून सुटला. सुटला असता तर माझी तक्रार नव्हती. 1821 मध्ये त्याचे ‘द हे वेन’ प्रदर्शित झाले. 1822 मध्ये इंग्लंडात राष्ट्रीय चित्रालय काढण्याची चर्चा सुरू होती, तेव्हा त्याने आपल्या मित्राला लिहिले की, असे चित्रालय झाले तर इंग्लंडातील कला संपलीच म्हणून समजा. लोक निसर्गाऐवजी चित्रांनाच प्रमाण मानू लागतील. प्रतविरोधकांना हेही वाक्य फार प्रिय. पण पुढच्याच वर्षीच्या शरद ऋतूत हा गृहस्थ बोमंटच्या कोलऑर्टन येथील घरी जाऊन राहिला आणि क्लोदच्या चित्रांच्या प्रती करत बसला. वय 47. घरी पत्नी मरिया त्याच्या लांबलेल्या मुक्कामाने त्रासलेली, आणि हा तिला पत्रांतून क्लोदखेरीज दुसरे काही सुचत नसल्याचे कळवतो आहे! शेळ्या राखणाऱ्या गुराख्याच्या एका छोट्या चित्राची त्याने तिथे केलेली प्रत आज सिडनीच्या न्यू साउथ वेल्स कलादालनात आहे. त्या चित्रातील झाडांच्या आत खेळणाऱ्या वाऱ्याने तो वेडावला होता. पुढे ज्याच्या चित्रांतल्या वाऱ्याचे आणि दवाचे आपण गोडवे गातो त्याने तो वारा अन्य कुणाच्या झाडांत आधी ओळखला होता, ही गोष्ट आपण विसरतो.

आणि 1828 मध्ये त्याने डेडमचे खोरे पुन्हा रंगवले. या वेळी जवळजवळ दीड मीटर उंचीचे, तीच उभी मांडणी ठेवून. पुढल्या बाजूला झाडीत बसलेली एक भटक्या जमातीची बाई आणि तिचे मूल. बोमंट आदल्या वर्षी वारला होता. त्याने आपली चित्रे राष्ट्रीय चित्रालयाला दिली होती, पण हागारवाचून करमेना म्हणून ते एक चित्र हयातभरासाठी परत मागून घेतले होते. त्याच्या मागे 1828 मध्ये ते चित्रालयात परतले. सव्वीस वर्षांनी कॉन्स्टेबल आपल्या पहिल्या धड्याकडे वळला, तो त्याच साली.

आता प्रत करताना नेमके काय शिकले जाते याकडे वळतो, कारण ‘मौलिकता’ शब्द उच्चारणाऱ्यांनी बहुधा कधी प्रत केलेली नसते. तैलचित्र हा एक थरांचा व्यवहार आहे. डोळ्यांना दिसतो तो शेवटचा थर. चित्र घडते ते त्याच्या खालच्यांत. निसर्गासमोर बसलेल्या नवशिक्याला डोंगर निळा दिसतो, तो निळा लावतो. झाड हिरवे दिसते, तो हिरवा लावतो. अर्ध्या तासात पॅलेटवर चिखल होतो. ऊन सरकलेले असते, सावल्या फिरलेल्या असतात, आणि आपले काय चुकले हे विचारायला समोर कोणी नसते. निसर्ग उत्तर देत नाही. जुने चित्र देते. ते हलत नाही, त्याचे ऊन सरकत नाही. आपला चुकलेला रंग त्याच्या शेजारी धरला की चूक तिथल्या तिथे कळते.

मी तरुणपणी एका क्लोदची प्रत केली होती, तीही छापील चित्रावरून. तेव्हा दुसरे साधन नव्हते. आधी झाडे रंगवली, मग पानांच्या फटींतून आकाश भरत बसलो. पाने कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसू लागली. तीन वेळा खरवडले. चौथ्या वेळी उमगले की आधी आकाश पूर्ण करायचे, क्षितिजाजवळच्या उबदार पिवळसर उजेडापासून माथ्यावरच्या निळ्यापर्यंत, ओल्यात ओले मिसळत. ते वाळू द्यायचे. आणि मग त्या वाळलेल्या आकाशावर पानांचे पातळ गुच्छ टेकवायचे, शेवटी एखाददुसऱ्या ठिकाणी आकाशाचा रंग पुन्हा पानांवर ओढून घ्यायचा. झाडाची कड तेव्हा हवेत विरघळली. सावल्या पातळ आणि उजेड जाड का, खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात अधिक का, पुढली जमीन काळोखी ठेवली की दूरचा डोंगर आपोआप का उजळतो, हे मला कुणी व्याख्यानातून सांगितले असते तर मी वहीत लिहून घेतले असते आणि विसरलो असतो. एक थर वाळण्याची आठ-दहा दिवस वाट पाहणे हीसुद्धा विद्याच आहे. आमच्या अभ्यासक्रमात ती कुठल्याच तासाला शिकवली जात नाही, कारण दोन तासांत चित्र पुरे करण्याचा आमचा दंडक.

मात्र छापील चित्राने मला फसवलेही. कागदावर तेलाची जाडी नसते, खालच्या अस्तराची ऊब नसते. सर्व थर छापखान्यात एकाच पातळीवर येतात. आजच्या विद्यार्थ्याला संगणकाच्या पडद्यावर चित्र कितीही मोठे करून पाहता येते, कुंचल्याचा केसनकेस दिसतो. ही सोय आम्हांला नव्हती आणि तिचा मला हेवा वाटतो. पण पडदा स्वतःच उजळतो. तैलचित्र बाहेरचा उजेड पिऊन परत देते. मूळ चित्रासमोर बसून केलेली प्रत आणि पडद्यावरून केलेली प्रत यांत गाणे समोर बसून ऐकणे आणि नोटेशन वाचणे एवढा फरक राहतोच.

गाण्याचा विषय निघालाच आहे. आपल्या संगीतात नायकी आणि गायकी असे दोन शब्द आहेत. गुरूकडून मिळालेली बंदिश तिच्या शब्द-स्वर-लयीसकट जशीच्या तशी गळ्यावर चढवणे ही नायकी. तिच्यात आपल्या बुद्धीने विस्तार करणे ही गायकी. वर्षानुवर्षे गुरूची हुबेहूब जागा घेणाऱ्या शिष्याला आपण नकलाकार म्हणत नाही, तालीम घेतलेला म्हणतो. तो त्याच जागेवर आयुष्यभर अडकून बसला तरच नावे ठेवतो. जो समाज गळ्याला ही सवलत देतो त्याने हाताला ती का नाकारावी? आणि प्रौढपणी प्रतीकडे वळण्याचेच म्हणाल तर आपल्याकडे एकनाथांचे उदाहरण आहे. भागवतावरची त्यांची टीका शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली पुरी झाली. स्वतःची ओवी सिद्ध झालेला हा कवी त्यानंतर शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या पोथ्या समोर घेऊन बसला आणि दुसऱ्या कवीचे शब्द जसेच्या तसे शुद्ध करत राहिला. संपादन आणि प्रत या एक गोष्टी नव्हेत, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्याच्या अक्षरापुढे आपले अक्षर आवरून धरण्याचा संयम दोहोंत एकच आहे.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ते म्हणतात, युरोपातल्या तपकिरी उजेडाच्या प्रती करून सह्याद्रीचा उजेड कसा हाती येईल? आपली कलाविद्यालये परकीय सत्तेने काढली, त्यांत परदेशी नमुने गिरवून घेतले, आणि त्या गिरवण्याने पिढ्या खच्ची केल्या. यातला दुसरा भाग बराचसा खरा आहे. पण गिरवणे म्हणजे प्रत करणे नव्हे. नमुन्याच्या बाह्यरेषा मोजून उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला ते चित्र कसे घडले हे विचारण्याची मुभाच नव्हती. मुंबईच्या ज. जी. कलाशाळेतून जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या प्रती करत होते, तेही याच परकीय व्यवस्थेतले. त्याआधी रॉबर्ट गिलने केलेल्या प्रतींपैकी बऱ्याच 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्या अनेक प्रती 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या. भिंतीवरच्या कोरड्या रंगाची ती तैलरंगातील रूपांतरे होती, म्हणजे तंतोतंत नव्हतीच. तरीही ओणव्याने, दिवट्यांच्या उजेडात त्या भिंतींसमोर बसलेल्या तरुणांच्या हाताने काहीच शिकले नसेल, असे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पहिल्या भागाचे उत्तर पुन्हा कॉन्स्टेबलच देतो. चरित्रकार लेस्लीने सांगितलेली गोष्ट आहे. बोमंटने त्याला सल्ला दिला की निसर्गचित्राचा एकूण रंग जुन्या क्रेमोना व्हायोलिनसारखा तपकिरी असावा. कॉन्स्टेबलने एक जुने व्हायोलिन उचलले आणि घरासमोरच्या हिरवळीवर नेऊन ठेवले. पुढे बोलण्याची गरज उरली नाही. लक्षात घ्यावे, हे उत्तर देणारा माणूस बोमंटच्याच भिंतीवरच्या क्लोदची प्रत करणारा होता. जुन्या चित्रातले तपकिरी काय आहे, ते चित्रकाराने लावलेले किती आणि दोनशे वर्षांच्या पिवळ्या पडलेल्या व्हार्निशने आणलेले किती, हे प्रत करणाऱ्याच्याच ध्यानात येऊ शकते; नुसते दुरून भक्तिभावाने पाहणाऱ्याला सगळे सारखेच सोनेरी दिसते. क्लोदचे रोमही सफकच्या शेतांसारखे नव्हतेच. क्लोदकडून कॉन्स्टेबलने उजेडाची व्यवस्था घेतली आणि हिरवा आपला लावला. जुलैतल्या भीमाशंकरचा हिरवा कोणत्याही युरोपीय चित्रात सापडणार नाही, हे कबूल. तो हिरवा शोधू नका असे कोण म्हणतो आहे?

प्रतीचे धोके मी नाकारत नाही. खुद्द रॉयल अकादमीचा अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्झ याने 1769 मध्ये विद्यार्थ्यांना सांगितले होते की, अख्खे चित्र डोळे झाकून उतरवणे हा कष्टाचा भास आहे. हात चालतो, मन झोपते. त्याने दोन पर्याय सुचवले. जेवढ्या भागासाठी चित्र नावाजलेले आहे तेवढ्याच भागाची प्रत करावी, किंवा त्या चित्राला जोडीदार ठरेल असे आपले चित्र करून ते मूळ चित्राशेजारी ठेवावे आणि लाजावे. ‘लाजावे’ हा शब्द माझा, आशय त्याचाच. डेडमचे खोरे हे हागारचे असे जोडीदार चित्रच आहे. टर्नर तर त्याही पुढे गेला. आपली दोन चित्रे क्लोदच्या दोन चित्रांच्या शेजारी टांगावीत अशी अट त्याने मृत्युपत्रातच घातली आणि ती लंडनच्या राष्ट्रीय चित्रालयात पाळली गेली. शिकलेले कर्ज असे चारचौघांत मांडायला छाती लागते.

छायाचित्रावरून चित्र करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला हे कर्ज मांडावे लागत नाही, कारण छायाचित्राचा मालक कोण हे कुणी विचारत नाही. भ्रमणध्वनीच्या भिंगाने ठरवलेली चौकट, त्याने सपाट केलेल्या सावल्या, त्याने पांढरे फटक केलेले आकाश तो निमूटपणे उतरवतो, आणि त्यावर शिक्षकाच्या सुरीचे फटकारे ओढतो. ही दुहेरी नक्कल आहे, आणि तिच्याखाली मूळ धन्याचे नाव नाही. तिला आम्ही गुण दिले. ज्याने नाव लिहिले त्याचे चित्र भिंतीकडे वळवले.

काय करावे, हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातील युरोपीय तैलचित्रे आहेत, बडोद्याच्या चित्रदालनात आहेत. या दालनांत ईझल मांडून बसलेला विद्यार्थी मी आजवर पाहिलेला नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असे विद्यार्थी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बसत आले आहेत. तिथे प्रत मूळ चित्राच्या मापाची असू नये आणि मूळ चित्रकाराची सही उतरवू नये एवढी बंधने असतात. आठवड्यातला एक दिवस, चार ईझल, जमिनीवर अंथरायला एक ताडपत्री, आणि खोटेपणा टाळण्यापुरते असे दोन नियम. कलामहाविद्यालयांनी एका सत्रात एकच प्रत सक्तीची करावी. तिच्याबरोबर त्याच मांडणीतले आपल्या गावचे एक चित्र मागावे. आणि दोन्ही शेजारी ठेवून गुण द्यावेत. मूळ चित्र युरोपीयच असावे असा माझा हट्ट नाही. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांची निसर्गचित्रे समोर ठेवा. जुने, पुरते पारखलेले आणि प्रत्यक्ष समोर असलेले चित्र असावे, एवढेच.

1832 च्या सप्टेंबरमध्ये, छप्पन्न वर्षांच्या कॉन्स्टेबलने सर रॉबर्ट पील यांच्या संग्रहातील रॉइसडालचे एक हिवाळी निसर्गचित्र हॅम्पस्टेडच्या घरी आणवून त्याची प्रत केली. तोवर तो रॉयल अकादमीचा पूर्ण सदस्य होऊन तीन वर्षे झाली होती. बर्फाळ वाट, काळवंडलेले आकाश, सगळे त्याने मुळाबरहुकूम उतरवले, आणि मुळात नसलेले एक कुत्रे तेवढे त्यात घातले. मग चित्र उलटे करून पाठीमागे लिहून ठेवले: ही पील यांच्याकडील रॉइसडालची मी केलेली प्रत आहे, कुत्रे माझे.